अमोनियाची शेवटची बाटली

या, असे जवळ येऊन बसा. लांबून ओरडून सांगायचं आता माझं वय नाही, आणि सांगायचंय तेही लांबून सांगण्यासारखं नाही. आधी जरा बोलणी खाऊन घ्या, म्हणजे माझी मी मोकळी होईन. मुलुंडच्या आमच्या शाळेत शिकलेली तुम्ही एवढी पोरंपोरी, वामनच्या हाताखाली प्रॅक्टिकल करून दहावी सुटलेली, ‘वामनसर, वामनसर’ करून त्याला भंडावून सोडणारी... त्याला पोचवायला गोवंडीला कोण आलं होतं? म्हणाल, कळलंच नाही. खरं असेल बाबांनो. पेपरात कोण देणार होतं? पण वर्षानुवर्षं शाळेच्या फाटकावरून बाजाराला जाता-येता, आत डोकावून एकदा ‘कसे आहात’ विचारायला काय होत होतं? असो. ओरडून झालं. आता ऐका.

वामन म्हणजे शाळेचा प्रयोगशाळा सहायक, आणि मी त्याच प्रयोगशाळेतली शिपाईण, तावडेबाई. शिक्षण चौथी, बाकीचं सगळं बाटल्यांवरची नावं वाचून. त्यामुळे या लिहिण्यातल्या ऱ्हस्वदीर्घाचं तुम्हीच सांभाळून घ्या. वामन गेल्याला आता सहा आठवडे होतील. त्यानं मागे बायको ठेवली, मुलगी ठेवली, आणि शाळेच्या सामानाच्या खोलीत अमोनियाची एक भरलेली बाटली ठेवली. बायको-मुलीला त्यांचे नातेवाईक आहेत. बाटलीला मात्र माझ्याशिवाय कोणी नाही. ती नीट रिकामी होईपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी बोलता बोलता कुठे निघाली असं वाटायला नको.

बातमी आली त्या सोमवारी मी परीक्षानळ्या धूत होते. ऑफिसातले क्लार्क दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, वामनरावांच्या घरून फोन होता. पहाटे गेले.” लोक म्हणतात अशा वेळी रडू येतं. मला राग आला हो! मी म्हटलं, “असं कसं? आज येतो म्हणाला होता तो मला.” मी नळी विसळली, स्टँडला उलटी लावली, दुसरी घेतली. सगळ्या नळ्या धुऊन होईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. शब्द देऊन न पाळणारा माणूस नव्हता तो. एकदाच पाळला नाही, आणि तोही असा...

माझी त्याची ओळख संपाच्या वर्षातली. आमचे हे गिरणीत होते. संप लांबला आणि हे घरी बसले, तेव्हा ओळखीतून मला शाळेत चिकटवलं. पहिल्याच दिवशी या वामननं मला कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाला, “ताई, इथे कशाचाही वास घ्यायचा नाही.” मी त्याच्यापेक्षा वयानं मोठी, आणि आमचं मालवणी तोंड. म्हटलं, “मग देवानं नाक काय शोभेला दिलंय?” हसला नाही. पाण्याचा पेला समोर धरला आणि त्यावरून हातानं वारा आपल्याकडे ओढून दाखवला. “वासाला आपल्याकडे बोलवायचं. आपण त्याच्याकडे जायचं नाही.” मला वाटलं, हा माणूस वेडा तरी आहे, नाहीतर मला वेडी समजतो.

अमोनिया तुम्ही विसरला नसाल. दिसायला पाणी, आणि बूच निघालं की नाकात जळक्या मिरच्यांचा घाणा, डोळ्यांना धारा, घशाला कढ. त्या बाटलीची या माणसानं ठेवली तशी बडदास्त बाळंतिणीचीसुद्धा कोणी ठेवत नाही. ती कायम सगळ्यात खालच्या फळीवर, कारण वरच्या फळीवरून निसटली तर थेट तोंडावर. ॲसिडच्या बाटल्या पलीकडच्या भिंतीच्या कपाटात, मध्ये अख्खी खोली. एप्रिल लागला की अमोनियाच्या अंगाला ओलं गोणपाट, माठाला गुंडाळतात तसं, आणि दिवसातून दोनदा ते मी भिजवायचं. मी विचारायची, “अरे, हिला पंखाही लावू का?” तर म्हणायचा, “मिळाला तर बरंच होईल.” पंखा त्यानं खरंच मागितला होता, अर्जावर अर्ज करून. मिळाला नाही ते सोडा.

मी रोज काचा पुसायची, आणि रोज अमोनियाच्या जवळच्या काचेवर पांढरी भुकटी धरलेली असायची. एक दिवस माझ्या हातातलं फडकं त्यानं धरलं. “ही धूळ नाही ताई. त्या कपाटातल्या ॲसिडची वाफ आणि हिची वाफ हवेत भेटली की असं पांढरं बसतं. कुठलंतरी बूच नीट बसलेलं नाही. पुसायच्या आधी मला दाखवत जा.” म्हणजे बघा, या घरात धूळ पुसायलासुद्धा परवानगी! पण त्या दिवशी त्यानं एकेक बूच तपासलं आणि खरंच एक तिरकं बसलेलं निघालं.

आता माझी फजिती सांगते, ती तुमच्यातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलीय. जूनमध्ये शाळा उघडलेली, पाऊस अजून नाही, सामानाच्या खोलीवर पत्रा तापलेला. नववीचा वर्ग भरला होता, केमिस्ट्रीच्या मॅडम घाई करत होत्या, आणि वामन ऑफिसात गेलेला. मी म्हटलं, एवढं काय मोठंसं, आणि खोलीतून गरम बाटली आणून तिथेच बूच ओढलं. फस्स करून आवाज झाला आणि तोंडावर उडालं. मला काही दिसेना. तेवढ्यात कोणीतरी माझा अंबाडा धरला आणि डोकं थेट बेसिनच्या नळाखाली. वामनच होता. पाणी डोळ्यांत, नाकात, पोलक्यात. मी ओरडतेय, “सोड मेल्या, पोरं बघतायत!” आणि हा ओरडतोय, “बघू देत! डोळे मिटू नका! बोटांनी पापण्या उघडा! मॅडम, घड्याळ बघा, वीस मिनिटं झाल्याशिवाय थांब म्हणू नका.” मॅडम घाबरून एकेक मिनिट मोठ्यानं सांगत होत्या. सात झाली, आठ झाली... परक्या पुरुषानं भर वर्गात केस धरून मान खाली दाबलेली, अंगावरचं लुगडं चिंब, शरमेनं मेल्याहून मेली झाले होते. बारा मिनिटांनी म्हटलं, “आता बरं वाटतंय रे.” तर म्हणे, “बरं वाटू दे. अजून आठ राहिलीत.”

तशीच ओली मला रिक्षात घालून त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं वाचलात, थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मी आज हे लिहितेय आणि लिहिलेलं परत वाचतेय, ते त्या वीस मिनिटांवर. परत येताना मला वाटलं आता हा मला सोलून काढणार. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला, “आजपासून बाटली एकट्यानं उघडायची नाही. मीपण नाही. एकानं उघडायची, दुसऱ्यानं नळाशी उभं राहायचं.” आणि मग काय सांगू, साधं पाव कप अमोनिया काढायचं तरी आमची वरात. आधी बाटली गार पाण्यात, मग खिडक्या उघड्या, चष्मे, मी नळाशी, याचं तोंड बाजूला, बुचावर ओलं फडकं... मॅडम तिकडे पाय आपटतायत. मी तर किती वेळा म्हटलं, “वामन, तुझ्याकडून बाटली उघडून होईपर्यंत पोरांची लग्नं होतील.”

पण सगळ्यात मोठा घोळ मी घातला, तो खंडेनवमीला. आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात ना, तशी मी प्रयोगशाळा पुजायची. वामन बौद्ध, तो पूजेला नसायचा, पण नारळ फोडून द्यायचा आणि खोबरं आवडीनं खायचा. त्या वर्षी माझ्या अंगात भक्ती जरा जास्तच शिरली. तो रजेवर होता, आणि मी दोन्ही कपाटांतल्या बाटल्या खाली काढून साबणानं लख्ख धुतल्या. वाळवल्यावर बघते तर चार बाटल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या गायब! घाबरले. आणि घाबरल्यावर माणूस जे करतं तेच केलं... आठवतील तशी नावं लिहून खळीनं चिकटवली. वर प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी ओल्या हळदीचं बोट, कुंकू, झेंडूचं फूल.

दसऱ्यानंतर शाळा उघडली आणि बघते तर काय, ‘ॲसिड’ म्हणून लिहिलेल्या एका बाटलीवरची हळद लालभडक झालेली. मी हात जोडले. वामन आला तसं त्याला सांगितलं, “बघ, देवी पावली.” त्यानं वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की माझे जोडलेले हात आपोआप सुटले. “ताई, देवी नाही. ही अमोनिया आहे. हिच्या वाफेनं हळद लाल होते. हिच्यावर ॲसिड कोणी लिहिलं?” एवढ्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. “नाव नसलेली बाटली परवडली. चुकीच्या नावाची नाही. ही ॲसिडच्या कपाटात शिरली असती, आणि उद्या कोणी ॲसिड समजून उघडली असती तर?” मी म्हटलं, “मग आता वास घेऊन ओळख की!” बोलून जीभ चावली. त्यानं चारही चिठ्ठ्या खरवडल्या, ‘नाव माहीत नाही, हात लावू नये’ असं लिहून बाटल्या बाजूला ठेवल्या, आणि थेंब थेंब काढून, तपासून, एकेकीचं नाव पक्कं करायला आठवडा घालवला. मला शिक्षा एकच केली. ब्लॉटिंग पेपरच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायला लावल्या. “तुमची देवी कामाची आहे,” म्हणाला, “तिला पट्टीवर ठेवू.”

या हिवाळ्यात तपासणी ठरली आणि हेडसरांनी कपाटं रिकामी करायला सांगितली. दरवर्षी मागणीपत्रात आदल्या वर्षाचीच यादी उतरवायची आमच्याकडची रीत, त्यामुळे लागो न लागो, अमोनिया येतच राहिलेली. खाली अकरा बाटल्या निघाल्या. हेडसर म्हणाले, शनिवारी कचऱ्याची गाडी येतेय, त्यात घाला. वामन म्हणाला, “सर, गाडीत नको. मी ओतून संपवतो, पंधरा दिवस द्या.” हेडसर म्हणाले, “ओतायला पंधरा दिवस? बेसिनमध्ये ओता आणि मोकळे व्हा.” खरं सांगते, तेव्हा मीही हेडसरांच्या बाजूची होते.

जिन्यात मी त्याला अडवलं. “का रे एवढा जीव खातोस? गाडीत गेली की आपला संबंध संपला.” तो थांबला आणि म्हणाला, “गाडी कुठे जाते ताई? आमच्याकडेच येते, गोवंडीला. कचऱ्याचा डोंगर माझ्या दारातून दिसतो. तिथे बाया बाटल्या वेचतात. भरलेली सापडली तर उघडून ओतून देतात, काच विकायला. आमच्या गल्लीतली कमळबाई अशीच एक बाटली उघडायला गेली. तिथे नळ नव्हता.” एवढंच बोलला आणि खाली उतरला. माझ्या कानांत मात्र मॅडमचे आकडे वाजायला लागले. सात झाली, आठ झाली...

शेवटी हेडसरांनी पंधरा दिवस दिले, आणि मग रोज दुपारी, सकाळची शाळा सुटून दुपारची भरायच्या मधल्या वेळात, एक बाटली. मोठ्या पिंपात गार पाणी, त्यात बारीक धारेनं अमोनिया. आधी पाणी, मग अमोनिया, हे मला दहादा सांगून. मग लिंबाच्या सत्त्वाचं पाणी थोडं थोडं, लाकडी दांड्यानं ढवळत, हळदीची पट्टी पिवळीच्या पिवळी राहीपर्यंत. मग नळ सोडून बेसिनमध्ये. पण त्याआधी हा खाली जाऊन सफाईवाल्या गणपतला विचारणार, आज गटारात ब्लीचिंग पावडर टाकलीस का? टाकली असेल तर त्या दिवशी काम बंद, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वाफ. “गणपत गटारात वाकून काम करतो ताई, त्याला पळायला जागा कुठे?” एकदा गणपत दोन दिवस आलाच नाही, तर आम्ही दोन दिवस पिंपाकडे बघत बसलो. मी वैतागून म्हटलं, “उद्या गटारातल्या उंदरांची परवानगी काढ!” हसला मात्र त्या दिवशी.

दहा बाटल्या झाल्या. अकरावीचं काचेचं बूच भोवती पांढरा थर धरून घट्ट बसलेलं. बुधवारी त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, लाकडी पट्टीनं हलकेच टकटक केलं, हललं नाही. मी म्हटलं, “दे मला, जात्यावर दळलेले हात आहेत माझे.” “जोर लावला तर मान तुटेल, बाटलीची,” म्हणाला, “आणि मग आपली. राहू द्या, उद्या बघू.” गुरुवारी तो आला नाही. छातीत दुखायला लागून इस्पितळात नेलं होतं.

शनिवारी गाडी आली. मी वर वर्ग झाडत होते. खिडकीतून बघते तर हमालानं आमची पेटी उचलून फाटकाशी आणलेली, आणि पेटीत ती बाटली. जिना कशी उतरले आठवत नाही. जाऊन पेटीसमोर बसले, फतकल मारून. हेडसर आले. “तावडेबाई, हा काय तमाशा? उठा.” मी म्हटलं, “सर, गाडीत ही जाणार नाही. जायची असेल तर आधी तुम्ही बूच उघडून दाखवा, मी तुमच्यासाठी नळाशी उभी राहते.” हेडसर बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ठेवा. पण तुमच्या जबाबदारीवर. नवीन सत्राच्या आत ती इथे दिसता कामा नये, नाहीतर मी स्वतः उचलून गाडीत घालीन.”

रविवारी इस्पितळात गेले. नाकाला नळी, हाताला सुई, आणि मला बघून पहिला प्रश्न काय, तर “फडकं ओलं आहे ना?” मी चिडलेच. “अरे, स्वतःच्या छातीचं बघ! बाटलीला काय धाड भरलीय!” फाटकाशी बसले ते सांगितलं, तेव्हा डोळे मिटून बराच वेळ हसला, आवाज न करता. निघताना माझं मनगट धरलं. “ताई, मी ओळखतो तुम्हाला. एकट्यानं उघडायची नाही हां. सोमवारी येतो मी.” मी म्हटलं, “ये बाबा ये. तुझ्याशिवाय तिचं बूच निघतंय थोडंच.”

तर असं. सोमवारचं तुम्हाला सांगून झालंय.

आता मार्च सरत आला. खोलीवरचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. मी दिवसातून चारदा गोणपाट भिजवते, रविवारीसुद्धा कांजूरमार्गच्या घरून येऊन. हेडसर दारातून जाताना नुसतं बघतात. वामनच्या जागी अजून माणूस दिलेला नाही. क्लार्कना म्हटलं, नळाशी उभे राहा, तर म्हणाले, मला पोरंबाळं आहेत. परवा एकटीच आत गेले होते, खोटं कशाला बोलू. चष्मा लावला, फडक्यावरून बुचाला हात घातला... आणि काढला. भीती होती म्हणून नाही. त्यानं मनगट धरलं होतं म्हणून.

तुमच्यातले कितीतरी जण आता कारखान्यांत केमिस्ट झालात, कॉलेजात शिकवता, हे मला ठाऊक आहे. बूच कसं सोडवायचं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मला एकच माणूस हवाय, तासाभरासाठी. दुपारी साडेबाराला या, दोन शाळांच्या मधे. पायात बूट घालून या, बाह्या लांब असू देत. गणपतला मी आदल्या दिवशी सांगून ठेवीन, पिंप भरून ठेवीन. काम झालं की खाली पायरीवर बसून चहा घेऊ, वर नाही, वर तो खाऊ-पिऊ द्यायचा नाही. मग वाटलं तर दोघं मिळून गोवंडीला त्याच्या घरी जाऊन येऊ, तिथे तरी तुमचं उशिराचं भेटणं होईल. पण एप्रिल चढायच्या आत या हो. नळाशी मी उभी आहे.